कार्ड कोणतं घेऊ? आधी स्क्रीन सांगा!

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत, मोठ्या रिझोल्यूशनवर (म्हणजे स्क्रीनवर जास्त पिक्सेल, चित्राचे ठिपके, घेऊन) गेम खेळायचेत तर ग्राफिक्स कार्ड कोणतं घ्यायचं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवले आणि ही सगळी पानं कार्डालाच दिली. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी खटकत होती. लोक प्रोसेसर लिहितात, रॅम लिहितात, कॅबिनेटमधल्या लाइट्ससुद्धा लिहितात, पण समोर स्क्रीन कोणती आहे, किती इंची, किती लांबून बघता, हे कोणीच लिहीत नाही! आणि कार्डाचं उत्तर तर तिथूनच सुरू होतं.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, शिकवण्या घेऊन ९० हजार जमवलेत. आत्ता रायझन ५ ३६००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर, ५५० वॉटचा पीएसयू (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि २४ इंची १०८०पी मॉनिटर आहे. मला फोरकेवर खेळायचंय. मित्र म्हणतात सगळे पैसे कार्डात घाल, मॉनिटर नंतर बघू. काय करू?
– एक विद्यार्थी, सांगली

मॉनिटर नंतर बघू, हे अजिबात ऐकू नकोस. ८० हजाराचं कार्ड घेऊन २४ इंची १०८०पी वर खेळलास तर त्यातलं निम्मं कार्ड नुसतं बसून राहणार, कारण तुझा ३६०० त्याला पुरेसं काम देऊच शकणार नाही.

आधी जरा हिशोब बघ. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २० लाख ७४ हजार पिक्सेल. १४४०पी ला ते होतात ३६ लाख ८६ हजार आणि फोरकेला ८२ लाख ९४ हजार, म्हणजे १०८०पी च्या बरोबर चौपट. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एकामागून एक येणारी ६० चित्रं, धरली तर फोरकेवर कार्डाला दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी पिक्सेल रंगवायचे असतात, आणि एकेक पिक्सेल म्हणजे नुसता रंग नाही, त्यावरचा उजेड, सावली, धूर, पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं आलं. काम चौपट झालं म्हणून फ्रेम अगदी चौथाईवर येतात असं नाही, पण निम्म्याच्या खाली सहज जातात. १०८०पी वर मस्त पळणारं कार्ड फोरकेवर धापा टाकतं ते यामुळेच, कार्डात दोष काही नसतो.

आता तू टेबलाजवळ बसणार, डोळ्यापासून स्क्रीन दोन-सव्वादोन फुटांवर. तुझ्या २४ इंचीवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल येतात. २७ इंची १४४०पी वर १०९ येतात आणि २७ इंची फोरकेवर १६३. ९२ वरून १०९ वर गेलास की फरक पहिल्याच मिनिटाला कळतो, लांबच्या झाडाची पानं वेगवेगळी दिसायला लागतात. १०९ वरून १६३ लाही कळतो, नाही असं नाही, पण त्यासाठी सव्वादोन पट पिक्सेल ओढणारं कार्ड लागतं आणि तुझ्या ९० हजारात ते कार्ड, मॉनिटर आणि नवा पीएसयू असं तिन्ही बसत नाही.

म्हणून माझं म्हणणं, २७ इंची १४४०पी, १४४ किंवा १६५ हर्ट्झचा (सेकंदाला तितक्यांदा चित्र बदलणारा) आयपीएस मॉनिटर घे. कार्डात तुझ्यापुढे खरे दोनच पर्याय, एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० नाहीतर एएमडीचं आरएक्स ९०७०. दोन्ही मार्च २०२५ मध्ये आली, अमेरिकेत दोघांची सुरुवातीची किंमत ५४९ डॉलर, आणि ५०७० ची भारतासाठी कंपनीने जाहीर केलेली किंमत ५९ हजार होती. ५०७० ला १२ जीबी मेमरी आहे, २५० वॉट. ९०७० ला १६ जीबी आहे, २२० वॉट. रे ट्रेसिंगचे (उजेड-सावली खऱ्यासारखी काढणारे) गेम खूप खेळत असशील, ब्लेंडर वगैरे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर ५०७० कडे झुकायला हरकत नाही, कारण त्या सॉफ्टवेअरवाल्यांचा भर एनव्हिडियावर जास्त असतो. पण तू हे कार्ड नोकरी लागल्यावरही तीन-चार वर्षं वापरणार, आणि गेमची मेमरीची भूक दरवर्षी वाढतेच आहे, म्हणून किमतीत फार फरक नसेल तर मी ९०७० घेईन. भाव मात्र त्या दिवशीचा बघायचा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले आणि कार्डांवरही तोच ताण आहे, तेव्हा मागच्या महिन्यातल्या व्हिडिओतला भाव धरून दुकानात जाऊ नकोस.

पीएसयू बदलायचाच आहे. तुझं १६६० सुपर १२५ वॉटचं होतं, ही दोन्ही कार्डं त्याच्या जवळजवळ दुप्पट घेतात आणि कंपनी ६५० वॉट सांगते. चांगल्या कंपनीचा ६५० किंवा ७५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड घे. इथे पैसे वाचवू नकोस रे! माझ्या ओळखीतल्या एका मुलाने नवीन कार्डाला जुना, नाव नसलेला पीएसयू तसाच ठेवला, गेम सुरू झाला की दहा मिनिटांनी पीसी खटकन बंद व्हायचा, तो महिनाभर कार्डालाच दोष देत राहिला आणि कार्ड दोनदा दुकानात नेऊन आणलं, शेवटी पीएसयू बदलला तेव्हा प्रकार थांबला.

प्रोसेसर आत्ता राहू दे. १४४०पी वर ओझं कार्डाकडे सरकतं, त्यामुळे ३६०० अजून वर्षभर चालेल. पुढे त्याच मदरबोर्डावर बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून ५६०० किंवा ५७००एक्स बसवता येतो का ते बोर्डाच्या वेबसाइटवर बघून ठेव, बहुतेक बी४५० बोर्डांवर बसतो.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. त्याला कार्ड घेऊन द्यायचं कबूल केलंय. दुकानदाराने आरटीएक्स ५०६० टीआय दाखवलं, एक ८ जीबीचं आणि एक १६ जीबीचं. म्हणाले नाव एकच, स्पीड एकच, उगाच जास्त पैसे कशाला घालता. मुलगा म्हणतो १६ चंच हवं. मला यातलं काही कळत नाही, पण तो हट्ट करतोय की खरं बोलतोय एवढं सांगा. घरी २७ इंची १४४०पी मॉनिटर आहे आणि पीसी पाच वर्षं जुना.
– एक गृहिणी, नाशिक

ताई, मुलगा खरं बोलतोय.

तुम्हाला ओट्याच्या भाषेत सांगतो. कार्डाची मेमरी म्हणजे ओटा. भाजी, कणीक, मसाल्याचा डबा, सगळं हाताशी असलं की स्वयंपाक भराभर होतो. ओटा लहान पडला तर निम्मं सामान आतल्या खोलीत ठेवावं लागतं आणि दर फोडणीला आत-बाहेर करावं लागतं. हात दोन्हीकडे तेवढेच चपळ आहेत, दुकानदार म्हणाले त्यात तेवढं खरं आहे, पण चालण्यात वेळ जातो. ५०६० टीआय स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला ४४८ जीबी माहिती उचलू शकतं. मेमरी भरली की उरलेली माहिती पीसीच्या रॅममधून आणावी लागते, आणि तो रस्ता अगदीच अरुंद. त्यात हे कार्ड पीसीआयच्या, म्हणजे बोर्डावर कार्ड बसतं त्या खाचेच्या, १६ पैकी ८ च लेन वापरतं. नव्या बोर्डावर, म्हणजे पीसीआय ५ असेल तर, त्या ८ लेनमधून सेकंदाला साधारण ३२ जीबी जातात, पण तुमचा पाच वर्षांपूर्वीचा बोर्ड पीसीआय ३ चा असेल तर जेमतेम ८ जीबी. कुठे ४४८ आणि कुठे ८!

हे मुलाला कसं दिसतं, तर गेम छान चाललेला असतो आणि दार उघडून नव्या खोलीत गेलं की चित्र अर्ध्या सेकंदाला गचकतं, किंवा भिंतीवरचा दगड मेणासारखा गुळगुळीत दिसतो आणि मग हळूहळू त्याच्यावर खडबडीतपणा येतो. सरासरी फ्रेमचा आकडा चांगला दिसतो म्हणून दुकानात हे कळत नाही. १४४०पी वर नव्या मोठ्या गेममध्ये ८ जीबी आत्ताच भरतात, तेव्हा २०२६ च्या पुढे वापरायला ८ जीबीचं कार्ड १४४०पी साठी मी कोणालाच सुचवत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये ही दोन्ही आली तेव्हा अमेरिकेत त्यांच्यात फक्त ५० डॉलरचा फरक होता, ३७९ आणि ४२९. आपल्याकडे दुकानागणिक फरक वेगळा, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. शिवाय एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी विचारा, तेही १६ जीबीचं, अमेरिकेत ३४९ डॉलरला आलं होतं आणि ते सगळ्या १६ लेन वापरतं, त्यामुळे तुमच्यासारख्या जुन्या बोर्डावर जास्त बरं. त्यातही ८ जीबीचं भावंड आहेच, तेव्हा बिलावर आणि खोक्यावर १६ जीबी असं छापलेलं स्वतः वाचा, मगच पैसे द्या. आणि बिल जीएसटीचं, कार्डाचा सीरियल नंबर लिहिलेलं घ्या. वॉरंटी बहुतेक कंपन्या तीन वर्षं देतात, पण ती मागायला गेलं की पहिलं बिलच मागतात.

मुलाला एकच गोष्ट माझ्याकडून सांगा, परीक्षेच्या आधी घेऊ नकोस, जूनमध्ये घे!

प्रश्न : वय ६३. बँकेतून निवृत्त झालो, फ्लाइट सिम्युलेटर हा छंद. हॉलमधल्या ५५ इंची फोरके टीव्हीला पीसी जोडून खेळतो. प्रोसेसर आय५-१०४००, कार्ड जीटीएक्स १०६०, यूपीएस ६०० व्हीएचा. मुलगी म्हणते बाबा आरटीएक्स ५०८० घ्या, मी देते. आमच्या इथला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. घ्यावं का?
– निवृत्त बँक अधिकारी, नागपूर

काका, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. १०६० वर फोरके टीव्ही लावून तुम्ही विमानं उडवताय हा धीर मोठा आहे. घ्या, पण ५०८० घेण्याआधी एक प्रयोग करा, पैसे लागत नाहीत.

जिथे फ्रेम फार कमी पडतात ती जागा निवडा, समजा मुंबईच्या विमानतळावर उतरताना. फ्रेमचा आकडा लिहून ठेवा. मग रिझोल्यूशन फोरकेवरून १०८०पी वर आणा आणि तेच लँडिंग परत करा. आकडा दुपटीने वाढला तर अडचण कार्डाची. फारसा हललाच नाही तर अडचण प्रोसेसरची, आणि मग कोणतंही कार्ड घातलं तरी त्या जागी तेवढेच फ्रेम येणार. १०६० आहे तोवर उत्तर कार्डाकडेच जाईल, पण मग रिझोल्यूशन आणखी खाली आणत राहा आणि जिथे आकडा वाढायचा थांबेल ना, तो जपून ठेवा, कारण नव्या कार्डाने तुम्ही साधारण तिथपर्यंतच जाऊ शकता, त्याच्या वर न्यायला प्रोसेसर लागेल. हा गेम प्रोसेसर खातो, मोठ्या शहरावर तर फारच.

म्हणून ५०८० ऐवजी ५०७० टीआय बघा. दोन्हींत १६ जीबी मेमरी, चिप मुळात एकच, ५०८० मध्ये १०,७५२ कोअर चालू आणि ५०७० टीआय मध्ये ८,९६०. भारतातल्या सुरुवातीच्या जाहीर किमती १ लाख ७ हजार आणि ८० हजार. मधले २७ हजार नवीन बोर्ड आणि रायझनच्या एक्स३डी प्रोसेसरच्या खात्यात टाका. त्यात कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, मोठा असतो, ७८००एक्स३डी ला ९६ एमबी, आणि फ्लाइट सिम्युलेटरला तो भारी मानवतो. एकदम सगळं जमत नसेल तर आधी कार्ड, सहा महिन्यांनी बाकीचं.

तुम्ही आठ-नऊ फुटांवरून बघत असाल. तेवढ्या लांबून ५५ इंचीवर खरं फोरके आणि १४४०पी वरून चांगलं वाढवलेलं चित्र यात फरक शोधावा लागतो, तेव्हा डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र वाढवून दाखवणारी एनव्हिडियाची सोय) क्वालिटीवर निःसंकोच ठेवा. विमानात ४०-४५ फ्रेम स्थिर मिळाले तरी पुष्कळ झालं, हा काही गोळीबाराचा गेम नाही.

टीव्हीच्या मागे बघा, चारपैकी एखाद-दुसऱ्याच एचडीएमआयवर फोरके १२० असं लिहिलेलं असतं, केबल त्यातच लावा. टीव्हीच्या मेनूत त्या इनपुटला नाव पीसी द्या आणि गेम मोड चालू करा. कॉकपिटमधले बारीक आकडे आत्ता रंग फुटल्यासारखे दिसत असतील तर बऱ्याच टीव्हींवर या एका बदलाने ते स्वच्छ दिसायला लागतात.

आता ऊन. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानासोबत जवळजवळ अंशाला अंश वाढतं. डिसेंबरात ६५ वर राहणारं कार्ड मे महिन्यात ८० च्या आसपास जाईल आणि पंखे बोंबलतील. कार्डं एवढं सोसतात, पण पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने वीज घ्यायची मर्यादा, ८० ते ८५ टक्क्यांवर आणून ठेवा, फ्रेम थोडेच कमी होतात आणि उष्णता व आवाज लक्षात येण्याइतका उतरतो. आणि काका, विदर्भातली एक सवय, दुपारी कूलर लावून पीसीही त्याच्या झोतात ठेवतात, तसं करू नका. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा ओलसर असते, धूळ आत गेली की पंख्यांच्या पात्यांवर चिखलासारखा थर बसतो, मी असे पीसी उघडलेत, तो थर ब्रशने निघत नाही, ओल्या कापडाने पुसून काढावा लागतो. पीसी झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

यूपीएस मात्र बदलावाच लागेल. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, अशा यूपीएसवर बहुधा ३६० वॉट लिहिलेलं असतं. ५०७० टीआय एकटंच ३०० वॉट घेतं, वर प्रोसेसर, वर टीव्ही त्यावरच असेल तर संपलंच, लाइट गेल्याबरोबर यूपीएस टीं करून सगळंच बंद. ९०० वॉटच्या आसपासचा, शक्यतो प्युअर साइन वेव्हवाला घ्या.

प्रश्न : डीएलएसएस लावून फोरके खेळणं म्हणजे स्वतःला फसवणंच ना? मित्राशी यावरून रोज वाद होतो. तो म्हणतो ५०७० घे, ४०९० एवढं चालतं, कंपनीनेच सांगितलंय.
– आयटी कर्मचारी, पुणे

तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देऊन भांडताय.

पहिली गोष्ट अपस्केलिंग. फोरकेवर क्वालिटी निवडलं की कार्ड आतून २५६० गुणिले १४४० वर चित्र काढतं, परफॉर्मन्स निवडलं की १०८०पी वर, आणि मग आधीच्या फ्रेमची माहिती वापरून फोरके उभं करतं. २०१८ मध्ये पहिल्यांदा आलं तेव्हा चित्र खरंच पुसट दिसायचं, तुमचा राग तिथला असेल तर समजू शकतो. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीने ते सुधारलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये डीएलएसएस ४ बरोबर आलेलं नवं मॉडेल तर जुन्या आरटीएक्स २० सिरीजवरही चालतं. एएमडीचं एफएसआर ४ ही आता त्या तोडीला आलंय, ते कंपनीने ९००० सिरीजच्या कार्डांसोबत आणलं. स्वतः तपासायचं असेल तर चालताना लांबच्या विजेच्या तारा बघा, कुंपणाची जाळी बघा, केसांच्या कडा बघा. गडबड असली तर तिथेच दिसते, तारा तुटक होतात, जाळी चमचम करते. तिथे ठीक असेल तर बाकी चित्राची काळजी करू नका. फोरकेवर क्वालिटी मोड मी स्वतः कायम लावतो. १०८०पी मॉनिटरवर मात्र तेवढा खूश नाही, तिथे मुळात माहितीच कमी असते.

दुसरी गोष्ट फ्रेम जनरेशन, आणि इथे मित्र चुकतोय. यात कार्ड दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवलेल्या फ्रेम घालतं, आरटीएक्स ४० सिरीजवर एक, ५० सिरीज आली तेव्हा तिच्यावर तीनपर्यंत. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगसला एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५०७० मध्ये ४०९० ची कामगिरी ५४९ डॉलरला असं म्हटलं ते या बनवलेल्या फ्रेम धरून. डोळ्याला हालचाल गुळगुळीत दिसते हे खरं, पण तुम्ही माउस हलवलात ते गेमला कळतं फक्त खऱ्या फ्रेमला. खऱ्या फ्रेम ३० असल्या आणि आकडा १२० दाखवत असला तरी हाताला ३० चंच जडपण लागतं, थोडं जास्तच. आधी खऱ्या ५५-६० मिळत असतील आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर भरायचा असेल तर जरूर लावा, मजा येते. ४०९० ला २४ जीबी मेमरी आहे, ५०७० ला १२, हे अंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने भरत नाही. फोरकेवर सायबरपंक २०७७ सारख्या गेममध्ये पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचाच फार जड प्रकार) लावलं की ते लगेच दिसतं.

तेव्हा कार्ड निवडताना चाचण्यांमधला फ्रेम जनरेशन बंद ठेवलेला आकडा बघा. अपस्केलिंग चालू असलेला चालेल.

प्रश्न : सेकंडहँड आरटीएक्स ३०८० मिळतंय, विकणारा म्हणतो मायनिंगचं नाही. लॅमिंग्टन रोडवर बघायला बोलावलंय. काय तपासू?
– डोंबिवली

मायनिंगची भीती थोडी कमी करा. इथेरियम या क्रिप्टो-चलनाचं मायनिंग (कार्डं रात्रंदिवस राबवून नाणी मिळवणं) १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं आणि मग ढिगाने कार्डं बाजारात आली, त्यातली बरीच आजही धडधाकट चालतात, कारण एकाच तापमानावर सतत चालणं हे रोज तापून रोज थंड होण्यापेक्षा चिपला फारसं वाईट नसतं. झिजतात ते पंखे, आणि मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ पट्ट्या) वाळतात.

ग्रँट रोडला उतरून जाल तेव्हा अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा, घाई करणाऱ्याकडून घेऊच नका. कार्ड उजेडात धरा. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या आहेत का, सीरियल नंबरचा स्टिकर खोक्याशी जुळतो का, पीसीआयच्या सोनेरी दातांवर काळे डाग आहेत का, आणि आपल्याकडे विशेष म्हणजे मागच्या ब्रॅकेटवर आणि एचडीएमआयच्या तोंडाला हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड आहे का ते बघा. समुद्राकाठच्या हवेत वर्षानुवर्षं राहिलेल्या कार्डाला ती धरते, आतही धरलेली असू शकते. पंखा बोटाने हळू फिरवा, खरखर लागली किंवा पातं हललं तर पंखा गेलेला. मग पीसीला लावून वीस-पंचवीस मिनिटं जड बेंचमार्क (चाचणीचा प्रोग्रॅम) चालवा. ३०८० हे ३२० वॉटचं कार्ड आहे, पीएसयू त्यांचा असू दे पण आकडे तुम्ही बघा. जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) आणि मेमरी जंक्शन अशी दोन तापमानं दिसतील, मेमरी १०० च्या वर जाऊन चिकटून बसली तर पॅड बदलायचे पैसे भावातून कमी करून मागा. चित्रात रंगीत ठिपके, चौकोन काही दिसलं तर सरळ उठा!

आणि एक विचार घेण्याआधीच करा. पहिलं ३०८० हे १० जीबीचं आहे. १४४०पी ला अजून चालतंय, फोरके म्हणून घेत असाल तर नको. जुनं १०८० टीआय कोणी स्वस्तात देत असेल तर तेही नको, ऑक्टोबर २०२५ नंतर त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) येत नाहीत आणि डूम : द डार्क एजेससारखे गेम रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नसेल तर चालूच होत नाहीत.

प्रश्न : डिसेंबरात भारतात येतोय. औरंगाबादच्या भाच्याला आरएक्स ९०७० एक्सटी हवंय. इथे ५९९ डॉलरचं, तिकडे महाग. घेऊन येऊ का?
– एडिसन, न्यू जर्सी

भाच्यासाठी एवढं करताय तर हिशोब पूर्ण करा. ५९९ ही सुरुवातीची जाहीर किंमत, त्यावर तुमचा सेल्स टॅक्स वेगळा, आणि दुकानात त्या भावाला मिळेलच असं नाही. इथल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. त्यात विमानतळावर कस्टम्सला किंमत सांगावी लागू शकते. सगळं धरून चार-पाच हजार वाचत असतील तर मी म्हणेन इथेच घ्या, कारण बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात घेतलं त्या देशापुरती असते. दोन वर्षांनी पंखा गेला तर भाचा छत्रपती संभाजीनगरहून कार्ड न्यू जर्सीला कसं पाठवणार? ज्या कंपनीचं घेताय तिला भारतातल्या वॉरंटीबद्दल ईमेलवर विचारा, लेखी हो आलं आणि फरक घसघशीत असेल तर बिनधास्त आणा, हँडबॅगेत.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ५०७० आहे म्हणून घेतोय, डेस्कटॉपएवढंच चालेल ना?
– कोल्हापूर

नाही चालणार. नाव तेच पण चिप वेगळी, डेस्कटॉपच्या ५०७० ला १२ जीबी, लॅपटॉपच्याला ८. लॅपटॉपमध्ये १२ जीबी हवी असेल तर ५०७० टीआय बघावं लागतं. आणि त्याच नावाचं कार्ड एका लॅपटॉपमध्ये ५० वॉटवर चालवलेलं असतं तर दुसऱ्यात १०० वर, तो आकडा कंपनीच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात असतो, तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : नवा १६५ हर्ट्झ १४४०पी मॉनिटर, नवं ९०७०, पण गेम पूर्वीसारखाच वाटतोय. कार्ड खराब आलं का?
– सातारा

बहुधा नाही. मागे वाकून बघा, केबल कार्डाला आहे की वरच्या बाजूला बोर्डाच्या एचडीएमआयला? बोर्डाला असेल तर ती काढून खाली कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला लावा, केबल मॉनिटरच्या खोक्यात आलेलीच वापरा, जुनी एचडीएमआय नको. मग विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंग, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे ६० दिसत असेल ते १६५ करा. गेमच्या आतही रिझोल्यूशन १०८०पी वरच राहिलेलं असतं, ते बदला, आणि फ्रेम लिमिट ६० वर असेल तर तेही काढा. एवढं करून माउस गोल फिरवून बघा. तरी फरक वाटला नाही तर तुमचा प्रोसेसर, रॅम आणि पीएसयू लिहून परत पत्र पाठवा, पुढच्या अंकात बघू.